न विचारता नेलेला

सकाळी सहाला मी सूर्य वर चढवतो.
खरा अजून डोंगरामागे तोंड धूत असतो.
दोरी गार, कडी गंजलेली,
पिवळ्या कापडावर लाल वर्तुळ
आणि चहूबाजूंना चार-चार किरणं.
न्यू मेक्सिको राज्य मला याचे तासाला साडेसोळा डॉलर देतं.
हायवेवरचे संडास धुणं त्यातच आलं.

पिवळा नि लाल स्पेनच्या राणीचे,
असं थांब्यावरच्या पाटीवर लिहिलंय.
ते घोड्यांवरून आले.
सूर्याबद्दल पाटी एवढंच म्हणते,
झिया गावच्या एका जुन्या मडक्यावरून.
जशी काही मडकी आपोआप धरतात
भोपळ्यासारखी,
जाता जाता कुणीही खुडावीत.

त्या मडक्याच्या घरापासून आमचं घर तिसरं.
ते गावातून गेलं तेव्हा
रेमेडिओस आत्याची आई रांगत होती.
विकलं, दिलं की उचललं,
यावर गावात अजून दोन मतं आहेत,
आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत.

तेव्हापासून सूर्य नोकरीला लागलाय.
गाड्यांच्या पाट्यांवर, बिअरच्या बाटलीवर,
तुंबलेले नळ काढणाऱ्याच्या व्हॅनवर.
काल एका ट्रकवाल्याच्या पोटरीवर दिसला,
किरणांमधून केस उगवलेले.

परवा एक पोरगी मान वर करून म्हणाली,
हा कोळी आहे का?
सूर्य गं, आई म्हणाली, आणि मोबाईलमधून वाचू लागली:
चार दिशा, चार ऋतू, दिवसाचे चार प्रहर...
तेवढ्यात रेंज गेली.
आणि चौथं? पोरीनं मला विचारलं.
मी म्हणालो, दोरी अडकलीय, थांब.

मीही विचारलं होतं, तिच्याएवढा असताना.
आत्यानं तीन बोटं मोडली
आणि चौथं मुठीत धरलं.
एवढं आपल्याकडे राहू दे, म्हणाली.

मडकं परत आलं त्या दिवशी भाषणं झाली.
फोमच्या पेटीतून, पांढऱ्या हातमोज्यांतून
ते बाहेर निघालं. टाळ्या.
आत्यानं उघड्या हातांनी उचललं
आणि आधी आत डोकावून पाहिलं,
शेजारणीकडून परत आलेल्या भांड्यात
डोकावतात तसं.
इतक्या वर्षांनी.
रिकामंच धाडलं, ती पुटपुटली,
आणि एप्रनच्या खिशातला मूठभर निळा मका
आत सोडला.
तो आवाज त्या दिवशीच्या सगळ्या भाषणांहून
माझ्या जास्त लक्षात आहे.

संध्याकाळी उतरवताना नियम असा,
कापड जमिनीला लागता कामा नये.
वारं असलं की माझी तारांबळ उडते.
आज एक कोपरा निसटला, धुळीला टेकला.
इकडे तिकडे पाहिलं. कुणी नव्हतं,
एक ट्रक तेवढा झोपलेला.
झटकायला हात उचलला होता
आणि आठवलं, हा आला कुठून ते.
घडी घातली तशीच,
मातीसकट.