खंड चार, ओळ दोन

‘बांधाची दुरुस्ती भाटकार किंवा कूळ यांनी करावी.’
मस्करेन्हसांची सूचना एवढीच होती:
‘किंवा’ काढावा, तिथे ‘आणि’ घालावा.
कागद एक दिवस उशिरा आला होता.
सभापतींनी चष्म्यावरून पाहिलं, दाखल करून घेतला.

मी पर्वरीला मुद्रितं तपासते.
ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडे, अर्थ सभागृहाकडे.
‘किंवा’ची वेलांटी पहिली,
एवढं मी छातीठोक सांगू शकते.

चोडणला आमच्या खाजनात
त्या ‘किंवा’तून तीन वर्षं खारं पाणी शिरतंय.
भाटकार म्हणतो, कूळ बघेल.
कूळ म्हणतं, बांध कुणाचा?
तिथे दुरुस्ती म्हणजे चिखल, पेंढा, बांबू
आणि ओहोटीच्या आत आटपणारी आठ माणसं.
लाडूकाका मानशीचं दार अजून खाली-वर करतो,
सवयीनं. आत कोरगुट नाही,
नुसत्या कुर्ल्या.

मंत्री उठले. भावनेशी सहमत आहोत म्हणाले,
नियम करताना बघू,
सन्माननीय सदस्यांनी आग्रह धरू नये.
मस्करेन्हसांनी वळून आपल्या बाकांकडे पाहिलं.
तिघे होते. एक फोनवर.
‘आग्रह धरत नाही.’
सभागृहाच्या अनुमतीने
दुरुस्ती मागे घेण्यात आली.
मग खंड चारला होय म्हटलं गेलं,
चहाच्या आधी म्हणतात तसं, भराभर.

संध्याकाळी रायबंदरच्या फेरीबोटीत
प्रूफ मांडीवर घेऊन बसले.
लाल पेनाचं टोपण काढलं.
अनुस्वार जागेवर होता.
भरती लागली होती;
धक्क्याची खालची पायरी
दिसत नव्हती.