कोरी बशी

दाल्काउएच्या धक्क्यावरून मंगळवारी
एदुविना गुइनेओ स्वतः घेऊन आली शिंपले,
तीस, मोजून, ओल्या गोणपाटात.
"हे घे. आणि या वेळी, पोरी, सरळ उत्तर दे."

सरळ उत्तराची रीत अशी:
शिंपला उघडायचा, मांस तोलायचं,
काचेच्या चंबूत क्षाराचं पाणी ओतून
साठ अंशांवर दोन दिवस ठेवून द्यायचं.
मांस विरघळतं.
विरघळत नाही ते बहुधा आपलं.

मग गाळणकागद, सूक्ष्मदर्शक, तापलेली सुई.
सुई टेकवली की
शेवाळ असेल तर करपतं,
प्लॅस्टिक असेल तर अंग चोरतं.

रंग लिहायचा, लांबी लिहायची.
निळा, दीड मिलिमीटर.
पांढरा, फुगीर: हा त्याच तरंगत्या थर्माकोलचा
ज्याच्या दोरांना एदुविनाचे शिंपले लोंबतात.
काळा. काळा. निळा.
भिंगालाही जे दिसत नाही
त्याच्यासाठी तक्त्यात रकाना नाही.

आणि प्रत्येक खेपेला सोबत एक कोरी बशी.
तिच्यात काही घालायचं नाही.
झाकण काढून नुसती ठेवायची टेबलावर
माझं काम चालेल तेवढा वेळ,
म्हणजे हवेतून, बाहीतून, माझ्यातून
काय पडलं ते कळावं.
तिच्यात सापडेल ते समुद्राच्या हिशेबातून वजा.

गुरुवारी कोरीत सापडले तीन.
तिन्ही फिरोजी.

मी सुती कोट घातला होता, केस आवळून बांधले होते,
बाह्यांवरून चिकटपट्टी फिरवली होती.
पण दाराबाहेर, खुंटीला, आईचा स्कार्फ.
लोकर कातणाऱ्या बायकांत तिचं नाव होतं या बेटावर.
मेंढ्या विकल्या त्या वर्षी
पुएर्तो माँतहून तिने स्वस्त गुंडे आणले,
म्हणाली, हा धुतला तरी आटत नाही,
कसर लागत नाही, तुझ्या पोरांनाही पुरेल.
खरंच बोलली होती.

एकूण एकोणीस. वजा तीन.
शाळेत बजावून शिकवलं होतं, हातचा विसरायचा नाही.
हे तीन कुठे ठेवायचे
ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी एदुविना. गमबूट दारात काढून.
"किती?"
सोळा. तीस शिंपल्यांत मिळून.
"जास्त की कमी?"
गेल्या साली बावीस होते. पण तेव्हा गाळणी जाड होती.
"म्हणजे?"
म्हणजे सांगता येत नाही.
"आणि पोटात गेल्यावर?"
उंदरांना दिलं तर आतडं सुजतं,
पण उंदरांना देतात ते पुष्कळ, गोल, गुळगुळीत.
आपल्याकडचे वाकडे, रंगवलेले, पाण्यात मुरलेले.
"मी उंदीर नाही," ती म्हणाली.
"साठ वर्षं खातेय. नातू खातो. मी विकते.
इतकंच सांग, विकू की नको."

अहवालात या जागी एक वाक्य असतं:
धोका नाकारता येत नाही.
ते मी तिला वाचून दाखवलं नाही.

त्याऐवजी कोरी बशी दाखवली, भिंगाखाली.
एक डोळा मिटून ती बराच वेळ वाकून राहिली.
"हा तर ओतिलियाचा रंग," म्हणाली.
"बाजारात लांबूनच ओळखू यायची."
मग खुंटीकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

शिंपल्यांचं पुढे काही बोलली नाही.
विकणार, हे दोघींना माहीत होतं;
पावसाळी सोमवारी डिझेलवाला थांबत नाही.
जाताना तिने एक बशी मागितली.
स्वयंपाकघरात ठेवीन, चुलीजवळच्या टेबलावर,
पोरगा तिथेच जेवतो, तिथेच गृहपाठ करतो.
मी धुऊन, झाकण लावून दिली. वर तारीख घातली.

रविवारी रात्री तिचा फोन:
"तो विचारतोय,
ही रिकामी बशी कुणासाठी वाढलीय?"