खोका उघडलेला, वस्तू चांगली

माझा बाप कॉटन मार्केटातून कायम डागी संत्री आणायचा.
ढिगाच्या तळाशी दबलेली, एका गालावर काळपट,
भाव निम्मा.
"साल खायची हाय का वं तुले?" म्हणायचा
आणि सोललेली फोड पुढे करायचा.
ते वाक्य मी आता फोनमध्ये घेऊन फिरते.

रात्री साडेअकराला, कूलरची टाकी भरून झाली
की परत आलेल्या वस्तूंच्या यादीत शिरते.
कुणाला रंग पटला नाही, कुणाला माप झालं नाही,
कुणाचं नुसतं मन बदललं.
माझ्या पायातले बूट कुणीतरी फार तर तीन पावलं चालून
परत पाठवलेले.
टेबलफॅनचा खोका चेपला होता, फॅन नाही.
वहीच्या मागच्या पानावर लिहिते:
बूट, वाचले सहाशे दहा. फॅन, वाचले चारशे.
नवरा विचारतो, "अन् हे वाचलेले पैसे आहेत कुठं?"
मी त्याला वही दाखवते.

एप्रिलच्या शेवटी कुकर आला. स्टीलचा, पाच लिटर,
तेवीसशे पन्नासचा चौदाशे दहाला.
आधी व्हिडिओ सुरू, मग कात्री, हा माझा नियम.
पट्टी कापताना खोक्यावरचा नंबर दिसला पाहिजे,
उद्या वाद झाला तर पुरावा.
शिट्टी होती. रिंग होती, पावडर लावलेली.
ओट्यावर ठेवून टिचकी मारली, तळ डुगडुगला नाही.
मग हँडलखाली बोट गेलं.

चि. सौ. कां. शलाका हिस
हेडाऊ परिवाराकडून सप्रेम भेट
१४ मे

सुईच्या मशीनने कोरलेलं. शेवटचा काना जरा घसरलेला.
कॅलेंडर पाहिलं.
चौदा मे अजून अडीच आठवडे लांब होता.

सासूबाई मेथी निवडत होत्या.
"दोन आले असन. लग्नात कुकरच येते.
माह्या लग्नात नऊ घड्याळं आल्ती, एकही चालत नव्हतं."
म्हटलं, आई, पण हे लग्न व्हायचंय अजून.
त्यांच्या हातातली काडी हातातच राहिली.
मग म्हणाल्या, "भात लाव."

जुन्याच कुकरला लावला.

परत करायला सात दिवस होते.
कारण निवडा, असं विचारतात:
तुटलेलं आहे. चुकीचं आलं. काही भाग कमी. आता नको.
चारही वाचले. खालून वर पुन्हा वाचले.
यातलंच एक कुणीतरी दाबलं असेल,
शलाकानं, किंवा शलाकाच्या बापानं,
किंवा हेडाऊंच्या घरातल्या एखाद्या हिशेबी बाईनं,
माझ्यासारख्या.
आणि ज्या पोरानं गोदामात खोका तपासला
त्याला मराठी येत नसेल.
किंवा येत असेल.

इतवारीत भांड्यांवर नाव घालणारा बसतो.
म्हणाला, "खोडून देतो, पण पॉलिशचे दोनशे,
अन् डाग राहीनच. त्यापरीस बाजूले तुमचं घाला,
अक्षराले पाच रुपये."
मी मनातल्या मनात नऊशे चाळीसमधून वजा केलं
आणि उसाचा रस पिऊन घरी आले.
सातवा दिवस कधी गेला कळलं नाही.
म्हणजे, कळला होता.

चौदा मेला पारा सेहेचाळीसवर.
संध्याकाळपासून सक्करदऱ्याच्या बाजूने बँड वाजत होता,
त्या दिवशी नागपुरात शंभरेक लग्नं तरी असतील.
मी पहिल्यांदा तो चढवला. तुरीची डाळ, हळद, चमचाभर तेल.
तीन शिट्ट्या मोजल्या आणि गॅस बंद केला.
चौथी आपणहून आली.
डाळ छान शिजली होती, कुणी काही बोललं नाही.

आता सासूबाई बाहेरच्या खोलीतूनच विचारतात,
"शलाका चढवली का वं?"
नवराही तेच म्हणतो, शलाका घास, शलाका खाली ठेव.
वहीत कुकरपुढची रक्कम मी अजून लिहिलेली नाही.
परवा शलाकाची रिंग ढिली झाली, वाफ धरेना.
बुल्डीवर जाऊन नवीन आणली,
पॅकबंद, छापील किमतीला.