बुधला

नळाला पाणी पहाटे पाच ते सव्वासहा.
तेवढ्यात वीस लिटरचा काचेचा बुधला
मोरीत आडवा करायचा, खाली ओलं गोणपाट,
कारण फरशीचं आणि काचेचं
आमच्या घरात एकदाच भांडण झालं
आणि टाके पडले सतरा, सासूबाईंच्या पोटरीला.

तशी मी दिवसभर काचच धुते.
मरोळ नाक्यावरच्या लॅबमध्ये टेस्ट ट्यूबा,
लोकांची साखर, लोकांची कावीळ.
तिथं शिकले, काच स्वच्छ झाली का
हे डोळ्यांना विचारू नये.
पाणी ओतून बघावं.
थेंब धरून बसली तर काहीतरी लपवते आहे.
पाणी ओल्या पदरासारखं अख्खं सरकलं
तर मानावं.

बुधल्याचं तोंड दोन बोटं रुंद.
ब्रश खांद्यापर्यंत जातो आणि वळायचं विसरतो.
कड नेमकी तिथंच.
गेल्या मे महिन्यातल्या जांभळांचा फेस
वर चढून वाळलेला,
आता जांभळा नाही, करपल्या चहाच्या रंगाचा.

सासूबाईंची रीत अशी:
मूठभर उकडा तांदूळ, अंड्यांची टरफलं चुरून,
वर कोमट पाणी. कोमटच.
कढत ओतलंस तर टक् म्हणेल
आणि नाताळपर्यंत गावठाण तुझं नाव घेईल.
मग मिठी मारून हलवायचं.
मिठीच, याला दुसरा शब्द नाही.
हनुवटी त्याच्या मानेवर,
पोटात तांदूळ खुळखुळताहेत,
आणि पलीकडच्या खिडकीतून हिल्डा:
कोणाला जोजवतंस गो पहाटपारी?

मग सोडा. मग ब्लीचचं एक टोपण.
मग पाणी, पाणी, पुन्हा पाणी.
खमिराला एवढं पुरतं.

पण या घरात आणखी एक नाक आहे.

इनास सहारला कार्गोत, रात्रपाळी.
सातला घरी येतो.
चार वर्षं आणि दोन महिने झाले.
गुरुवारी चर्चमागच्या खोलीत
गोल मांडलेल्या खुर्च्यांत बसतो
आणि स्वतःचं नाव सांगतो,
ज्यांनी त्याला पाळण्यात पाहिलंय अशा माणसांना.
मी म्हटलं होतं, देऊन टाकू बुधले,
हल्ली लोक आत झाडं लावतात.
आईचे आहेत, म्हणाला.
नंतर जेवताना, ताटाकडे बघत:
रॉनीच्या लग्नात उंबराचं पाणी घेऊन बाया परत येतील,
त्यांच्या हातात काय देशील, सरबत?

म्हणून मी दोनदा धुते.
दुसऱ्यांदा चिंच घालून, लिंबाच्या साली घालून,
मोरीत फिनेल, दार उघडं,
सातच्या आत.

आज तो सहालाच आला.
बूट काढले, उंबऱ्यावर बसला.
दे, म्हणाला.
मी दिला नाही.
त्यानं बुधला मागितलाच नव्हता,
ब्रश घेतला,
त्याची तार गॅसवर धरली लाल होईपर्यंत
आणि पकडीनं वाकवली, म्हाताऱ्याच्या काठीसारखी.
आई असंच करायची. तू कधी विचारलंच नाहीस.
तीन फेऱ्या.
कड सुटली, पापडासारखी,
पाण्यात तरंगत बाहेर आली.

मग त्यानं नाक तोंडाशी नेलं.
मी काही बोलले नाही.
नळानं शेवटची हवा सोडली, खोकला, थांबला.
तो अजून तिथंच होता, डोळे मिटून,
हात गुडघ्यांवर.

ब्लीच, म्हणाला.
अजून वास मारतोय. असंच भरलंस
तर खमीर मरून जाईल.
दोन दिवस उपडा ठेव, वाऱ्याला.

दोघांनी मिळून तो क्रेटवर उलटा केला.
पाणी अख्खं सरकत खाली आलं,
खांद्यापाशी एक थेंब राहिला.
मी पाहिला.
माझ्याआधी त्यानं.

सफाळ्याची बाई यंदा, त्यानं विचारलं,
जांभळं काय किलोनं देते?