डावखुऱ्या खाचा

बाल्तासार दे ओर्दुन्या. हे नाव माझ्या जिभेवर
बसायला दोन वर्षं लागली.
रेवदंड्याचे कोळी त्याला बाळताजी म्हणत
आणि तो ओ देई.

फिरंगी, पण पोर्तुगालचा नव्हे, स्पेनचा.
त्या काळात दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर होते,
तरी कोटातले कप्तान
त्याच्या उच्चारांना पाठीमागे हसत.
मी त्याचा दुभाषी, दुलबा शेणई,
महिना तीन अश्रफ्या पगार, तोही उशिरा.

अंगात पाद्रीचा झगा, डोक्यात कायदा
आणि मेजाच्या खणात तिसरंच काही:
त्याच्या गावाची बखर, अर्धीमुर्धी.
समुद्र नसलेलं गाव. त्यात विहिरी किती,
कुठली कोणी खणली, कुठल्या घंटेला कधी तडा गेला,
कोणत्या साली द्राक्षांवर टोळ आले.
राजे एका ओळीत. विहिरींना नऊ पानं.
आता तसंच त्याला रेवदंड्याचं लिहायचं होतं.
"दुलबा, ह्या तळ्याला हे नाव का?"
मला ठाऊक नसे. मी बनवून सांगे.
तो लेखणी थांबवून माझ्याकडे बघे
आणि समासात लिही: दुभाषी असं म्हणतो.

मग आवडू भंडारणीचा कज्जा आला.
कुंडलिकेच्या काठचे एकेचाळीस माड.
मठ म्हणे आमचे, कागद आहे, शिक्का आहे.
आवडूकडे कागद नव्हता. ती म्हणाली,
"माजा न्हवरा डावरा व्हता. माडांनाच इचारा."

मी शब्दाला शब्द सांगितला. हशा पिकला.
बाळताजी हसला नाही. टळटळीत दुपारी
झगा गुडघ्यापर्यंत खोचून वाडीत गेला,
बुंध्यांवरून तळवा फिरवत. चढायच्या खाचा
सगळ्या उलट्या अंगाला, उजव्या माणसाचा पाय
जिथे अडखळेल तिथे. एकेचाळीसच्या एकेचाळीस.
एका खाचेत त्याने आपला जोडा रोवून पाहिला,
घसरला, कोपर सोलून घेतलं.

तिसऱ्या दिवशी निकाल. मठाच्या बाजूने.
कायद्याला कागद दिसतो, खाच दिसत नाही,
असं काहीसं तो लॅटिनमध्ये म्हणाला, भिंतीकडे बघत.
मी मराठीत ते एवढं लांबवलं नाही.
"गेले," म्हटलं.
आवडूने पदराने तोंड पुसलं. विचारलं,
"आजची माडी तरी काडू का?"

मठाने माड लिलावात काढले.
लिलाव हा शब्दही त्यांच्याच गलबतातून उतरला,
मेजासारखा, चावीसारखा.
आमच्या पोरांना तो आता आपलाच वाटतो.

त्या रात्री मेणबत्ती उशिरापर्यंत. सकाळी
नकलेसाठी मला एक पान दिलं. बखरीचं.
"कुंडलिकेच्या काठी एकेचाळीस माड आहेत.
ते एका डावखुऱ्या माणसाचे होते
आणि त्याच्या बायकोचे आहेत."
शेवटचं 'आहेत' दोनदा गिरवलेलं.
मी म्हटलं, धनी, निकालात तर…
तो म्हणाला, ते न्यायाधीशाने लिहिलं.

मला राग आला. एकाच हाताने दोन्ही लिहून
माणूस जेवतो कसा?
तो जेवत नव्हता, हे आचाऱ्याने नंतर सांगितलं.
तेवढ्याने आवडूची चूल थोडीच पेटणार होती.

चार वर्षांनी तापाने गेला. दगडावर नाव कोरणाऱ्याने
एक अक्षर खाल्लं. निकालांचं बाड गोव्याला गेलं,
तिथे सांभाळून ठेवतात म्हणे, कापडात बांधून.
बखर वाळवीने नेली. माझ्या नकलेचं पान
पेटीत आहे, कडुनिंबाच्या पाल्यात. एकच पान.

परवा वाडीत गेलो होतो. मठाचा नवा भंडारी
उजवा आहे. त्याने नव्या खाचा पाडल्यात,
जुन्यांच्या नेमक्या समोर. माड आता
दोन्ही अंगांनी चढता येतो.
खाली आवडूचा नातू उभा होता, हातात धोंडा,
वर मडक्यांकडे बघत.
कुठल्या हाताने भिरकावतो ते बघायला
मी थांबलो.
मला पाहून त्याने तो खाली टाकला.