घंगाळ

तांब्याच्या तळाला डाग द्यायला गेले होते.
विश्राम वडके म्हणाले, बसा, निखारा धरू दे.
उजवा पाय त्यांचा लहानपणापासून काडीचा,
ऐरणीशेजारी पसरलेला, जसा कुणाचा तरी सांभाळायला घेतलाय.
तांबट आळीत त्या दुपारी तीनच हातोडे चालू होते.
माझ्या तोंडून निघून गेलं:
यवनांचा एक देव होता, तांबट.

त्यांचा हात थांबला नाही.
"असणार. पांडवलेण्यात यवनाचं नाव कोरलंय म्हणतात.
इतक्या लांब आले, तर भांडी लागलीच असतील."

मग मी सांगत गेले.
हेफेस्टस त्याचं नाव. जन्मला तो पायाने अधू,
म्हणून आईनेच, देवांच्या राणीने,
वरून समुद्रात टाकला.
दोन जलदेवींनी झेलला, गुहेत ठेवला,
आणि तिथे नऊ वर्षं तो
त्यांच्यासाठी बांगड्या, आकडे, फुलं घडवत बसला.
"काम शिकवलं कुणी?"
पुस्तकात नाही.
"म्हणजे बघून शिकला."
चार ठोके.
"मला मावशीकडे टाकलं, येवल्याला.
टाकलं म्हणजे, ठेवलं."

मी घाईने ढालीकडे वळले.
अकिलीस नावाच्या वीरासाठी एका रात्रीत घडवलेली:
तिच्यावर दोन शहरं, एकात लग्न, एकाला वेढा,
नांगरलेलं शेत, द्राक्षांचा मळा, नाचणारी पोरं,
आणि काठाने गोल फिरणारी नदी.
"एका रात्रीत?" त्यांनी मान हलवली.
"नदी काठाला घेतली ते बरोबर.
काठ मोकळा सोडला की भांडं उघडं वाटतं."

भिंतीवर खिळ्याला एक घंगाळ होतं, एका कडीचं.
पोटावर खडूने लिहिलेलं: कमळाबाई.
आडनाव नाही, तारीख नाही.
"ते दिवाळीपासून आहे," ते म्हणाले.
कुठल्या दिवाळीपासून, मी विचारलं नाही.

मग खुर्ची आली. ती टाळता येत नाही.
मुलाने आईला सोन्याची खुर्ची पाठवली.
ती बसली, आणि उठता येईना.
युद्धाचा देव सोडवायला आला,
ह्याची आग बघून परत पळाला.

हातोडा थांबला.
"सांधा दिसत नव्हता कुठे?"
नाही.
"मग कारागीर खरा."
भात्याचा वारा संपला, निखारा राखेत गेला,
तरी ते तसेच.
"सुटली कशी?"

द्राक्षांचा देव गेला, म्हटलं. डायोनिसस.
ह्याला पाजली, गाढवावर घातलं,
वाजतगाजत वर आणलं.
आता मात्र ते हसले, खोकला येईपर्यंत.
"माझा धाकटा, मधुसूदन, दिंडोरीला द्राक्षं लावतो.
खायची नाहीत, वाइनची.
आई त्याच्याकडे.
गाढव नाही, ॲक्टिव्हा आहे.
महिन्या-महिन्याला येतो, चल म्हणतो.
मी म्हणतो, काम आहे."

तांब्या उलटा करून त्यांनी तळ उजेडात धरला.
"सुटल्यावर काही म्हणाली का ती त्याला?"
पुस्तकात नाही.
"हं. तेवढं राहतंच."

पुढच्या मंगळवारी दुकानाला अर्धं शटर.
आत कल्हई करणारा हारून एकटाच, नाकाला रुमाल.
भिंतीवर, जिथे घंगाळ होतं,
काजळीत एक गोल स्वच्छ जागा, खिळ्यासकट.
"दिंडोरीला गेले," हारून म्हणाला.
"रात्रभर बसून कडी बसवली.
गाडीवर मागे, घंगाळ छातीशी उभं धरून."
ढाल धरावी तसं, हे तो म्हणाला नाही. हे माझं.

आणि मी वेड्यासारखं विचारलं,
घेऊन होते का?

"चहा घेतला," तो म्हणाला. "दोनदा."

माझा तांब्या कागदात गुंडाळलेला होता.
दहीपुलावर येईपर्यंत मी तो उघडला नाही.
तळ पक्का. डाग दिसेना.
काठाने मात्र एक बारीक रेघ, वळत वळत गेलेली,
सांगितली नव्हती मी,
आणि जिथे दोन्ही टोकं भेटायची
तिथे बोटभर जागा तशीच सोडलेली.