पाच गुण

फ्लूची सुई टोचून घ्यायला गेले होते
हडर्सफील्डात, ट्रिनिटी स्ट्रीटच्या फार्मसीत.
रुबिनाने सहज मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं,
पुन्हा पाहिलं,
आणि म्हणाली, "आँटी, जरा बसता का?"
तिची आई माझ्या वर्गात होती. लसावि कधी जमला नाही तिला.
पोरगी मात्र नीट मोजते.

डॉक्टर ओकाफोरनी कागद माझ्याकडे वळवला:
कोंबडीने शाईत पाय बुडवून
वहीभर हिंडावं, तशी रेघ.
नाव सांगितलं, एट्रियल फिब्रिलेशन.
हृदयाचे वरचे दोन कप्पे आवळत नाहीत म्हणे,
नुसते थरथरतात,
आणि डावीकडे खिशासारखा एक कोपरा असतो
तिथे रक्त साचून राहतं. साचलेलं गोठतं.
गोठलेलं एखाद्या दिवशी सुटतं
आणि वरची वाट धरतं.

मग त्यांनी गुण मोजले.
पंच्याहत्तरी ओलांडलीत: दोन.
बीपी: एक. साखर: एक.
बाई आहात: एक.

मी चष्मा काढला. म्हटलं, पुन्हा सांगा.
अडतीस वर्षं या गावात गणित शिकवलं.
विभागप्रमुखाच्या मुलाखतीत,
माहेरच्या वाटणीच्या कागदावर,
बाई असण्याचा गुण मला कुणी दिला नव्हता.
इथे मिळाला, न मागता.
एकूण पाच.
आणि ही परीक्षा अशी
की ज्याला जास्त गुण, त्याला जास्त भीती.

"घरात कुणाला होतं?"
नवरा काही रक्ताचा नातलग नव्हे,
म्हणून मी नाही म्हटलं.

पण ह्यांच्याही छातीत फडफडायचं.
न्यूसम रोडचा चढ चढताना थांबायचे,
लोकांच्या बागेतले गुलाब बघतोय असं दाखवत.
जानेवारीतसुद्धा.
मीही शेजारी उभी राहून गुलाब बघायचे.

एका मंगळवारी हातातला कप तिरका झाला,
तोंडाची उजवी बाजू ओघळली
आणि शब्द गेले. एकच उरला: किल्ली.
पाणी हवं, किल्ली. उशी सरकव, किल्ली.
नातवाचा फोटो, किल्ली.
मला हाक मारायची तरी किल्लीच,
पण जरा हळू.
चौदा महिने.

आता सकाळी आठला एक गोळी, रात्री आठला एक.
दाराची कड नुसती लागली तरी
दंडावर जांभळं उमटतं.
कांदा चिरताना बोट कापलं
तर दुसरा टॉवेल काढावा लागतो.
शेजारची मॉरीन विचारते, पडलीस का गं?
गोळीने धोका कमी होतो, शून्य होत नाही,
हे ओकाफोरनी दोनदा समजावलं.
कमी आणि शून्य यांतला फरक
मला समजावत होते, बिचारे.

रात्री दिवा मालवल्यावर
मनगटावर दोन बोटं ठेवते
आणि हजेरी घेते.
हजर.
हजर.
दोघं एकदमच, हजर हजर.
मग कुणीच नाही.
मागच्या बाकावर कुजबुज,
कुणीतरी खिडकीबाहेर बघतंय.
मी वही मिटत नाही.
काही पोरं
उशिरा येतात.